दोन्ही रिपोर्ट बरोबर होते

लिव्हरवर दोन डाग दिसले तेव्हा माझं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन चारेक वर्षं होत आली होती. मी बरी झाले अशी माझी आणि कामावरच्या सगळ्यांची खात्री झाली होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. ड्रम, डबे, पावडरीच्या गोण्या आत येतात आणि बाहेर जातात. त्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. ऑपरेशननंतर केमो झाली. त्या औषधाने गार वस्तूला हात लागला की बोटांत टाचण्या टोचल्यासारखं व्हायचं. तेही हळूहळू गेलं. मग दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं, डॉक्टरांनी 'छान' म्हणायचं आणि मी बदलापूरला घरी परत यायचं, असं चाललं होतं.

त्या वेळी डॉक्टर 'छान' म्हणाल्या नाहीत. रक्तातला एक आकडा वाढला होता. मग सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या डॉक्टर म्हणून एक बाई येतात. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. समोरच्याला कळेपर्यंत सावकाश बोलतात.

"ताई, लिव्हरमधल्या गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू या," त्या म्हणाल्या.

"तपासणी झालीय की. आतड्याची गाठ काढली तेव्हा सगळं झालं होतं. ती जीनची टेस्टसुद्धा."

"हो, ती मी बघितली. त्यात एका ठरावीक जीनमध्ये बदल नव्हता. तो बदल नसेल तर केमोबरोबर एक चांगलं इंजेक्शन देता येतं. बदल असेल तर त्याचा उपयोग होत नाही, त्रास तेवढा होतो."

"मग बदल नाहीच आहे ना."

"आतड्यातल्या गाठीत नव्हता," त्या म्हणाल्या. "तिथल्या काही पेशी सुटून रक्तातून लिव्हरमध्ये गेल्या. कधी गेल्या, ते आपल्याला माहीत नाही. ऑपरेशनच्या आधीच गेल्या असतील आणि गप्प बसल्या असतील. पेशी वाढते म्हणजे एकीच्या दोन होतात, आणि दर वेळी आतल्या मजकुराची नक्कल होते. त्या नकलेत चुका राहतात. तिकडे राहिलेल्या चुका वेगळ्या, इकडच्या वेगळ्या. बहुतेक पेशंटमध्ये मुख्य गोष्टी दोन्हीकडे सारख्याच निघतात. तुमच्यातही तसंच निघेल बहुधा. पण सगळ्यांमध्ये निघत नाही, आणि मला अंदाजावर इंजेक्शन द्यायचं नाही."

मला ते पटलं. म्हणजे डोक्याला पटलं. पोटात मात्र असं वाटत होतं की जे कापून बाहेर काढलं, ज्याच्यासाठी एवढं सोसलं, त्याचाच एक भाग इतकी वर्षं माझ्या बरोबर कामावर येत होता, जेवत होता, झोपत होता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

बाहेर नर्सने तारीख दिली आणि विचारलं, "बरोबर घरचं कोण येणार?"

"मी एकटीच येईन."

"नाही चालणार हो, मॅडम. लिव्हरमध्ये सुई जाणार. ब्लीडिंग वगैरे झालं तर सही करायला कोणीतरी पाहिजे. मिस्टर आहेत ना?"

फाईलवर पहिल्या वेळेपासून 'विवाहित' असंच लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

आमचं लग्न मोडलं नाही. कोर्टात कुणी गेलं नाही, भांडणसुद्धा झालं नाही. लग्नानंतर आम्ही अंबरनाथला भाड्याच्या खोलीत राहत होतो. एके दिवशी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, माझ्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. हे त्यांच्याजवळ राहायला गेले, थोड्या दिवसांसाठी म्हणून. मीही शनिवार-रविवार जायचे. त्याच सुमारास माझ्या आईचे डोळे अधू झाले आणि बाबा आधीच गेलेले, मी एकुलती. मी खोली सोडून आईकडे राहायला गेले. तेही थोड्या दिवसांसाठीच. आधी दर आठवड्याला भेटायचो, मग सणाला, मग कुणाच्या लग्नात. आम्ही वेगळे झालो असा एखादा दिवस दाखव म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये धावपळ करणारंही कुणी नव्हतं. पुढे सासूबाई गेल्या. मी अंत्ययात्रेला गेले, भिक्खूंनी वंदना घेतली तेव्हा बायकांत बसले आणि परत आले. तेव्हा आई बदलापूरच्या फ्लॅटमध्ये माझ्याजवळ होती. पहिल्या ऑपरेशनला सही आईने केली होती, मी बोट धरून जागा दाखवली तिथे. हे एकदा बघायला आले होते. शहाळं घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. आई त्यांच्याशी बोलली नाही. त्यानंतर दीड-दोन वर्षांत आईही गेली. आता दोघांनाही कुठेच अडकायला कारण नव्हतं, पण तोवर आपापल्या घरात राहायची सवय होऊन गेली होती.

मी आधी शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांची सून बाळंत झाली होती. कारखान्यातली मैत्रीण यायला तयार झाली, पण हॉस्पिटलने नात्यातलंच माणूस हवं म्हणून सांगितलं. अंबरनाथला चुलत भाऊ आहेत. त्यांच्यापैकी एकाला फोन लावला तर त्याच्या बायकोने उचलला आणि पहिलंच वाक्य बोलली, "अगं बाई, सुई लावून घेऊ नकोस. सुई लावली की सगळीकडे पसरतं." मी म्हटलं, पसरलेलंच आहे. मग मला पुढे काही मागवलं नाही.

शेवटी मी नवऱ्यालाच फोन केला. काय म्हणून सुरुवात करावी हेच कळेना. संसारात होते तेव्हा 'अहो' म्हणायचे. मधल्या वर्षांत हाक मारायची वेळच आली नव्हती.

"हॅलो, मी बोलतेय."

मागे शिलाई मशीनची घरघर होती. कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात ते कटिंग मास्टर आहेत, कापडाच्या थप्प्यांवर खुणा करून पॅन्टचे भाग कापायचे.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मला माझं नाव सांगावं लागलं.

ते बाजूला गेले असावेत, घरघर कमी झाली. "बोल."

"गुरुवारी मोकळे आहात का? हॉस्पिटलात बरोबर यायला कोणीतरी लागतंय."

"कितीला?"

"सकाळी आठला."

"येतो."

मी फोन ठेवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन परत आला. "काय झालंय ते विचारलंच नाही मी," ते म्हणाले. मी सांगितलं. मग म्हणाले, "उपाशी यायचं असेल ना? बस-बिस बघू नकोस, सरळ रिक्षा कर."

गुरुवारी ते माझ्याआधी येऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पुढून विरळ झालेले, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. हाताच्या बोटांची टोकं निळी. तो रंग धुऊनही जात नाही, नवं कापड दिवसभर हाताळलं की नखांत बसतो. मी शेजारी बसले तेव्हा आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी राहिली. मुद्दाम कुणी ठेवली नाही. समोर एक जोडपं बसलं होतं, त्यातली बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून डुलकी काढत होती. मी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत बसले.

नर्सने विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"मिस्टर," ते म्हणाले आणि सही केली.

आत थंडी होती. सोनोग्राफीचे डॉक्टर पडद्यावर लिव्हर शोधत होते. उजव्या बरगड्यांखाली बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. "श्वास घ्या. सोडा. आता थांबा, हलू नका." स्टेपलर दाबल्यासारखा आवाज झाला. उजव्या खांद्यात विचित्र कळ आली. पोटातलं दुखणं खांद्यात कसं काय जातं, कोण जाणे. पुन्हा तेच, पुन्हा तोच आवाज. बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवात दोऱ्यासारखा पांढुरका तुकडा तरंगताना मला दाखवला. शेवयांसारखा दिसत होता. एवढ्याशा दोऱ्यात माझं पुढचं सगळं ठरणार होतं.

मग उजव्या कुशीवर दाबून, न हलता पडून राहायचं होतं. ते स्टुलावर बसले. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे सिंधी गृहस्थ होते. त्यांच्या बायकोला पाणी कुठे मिळतं ते कळत नव्हतं. हे उठले, बाटली भरून आणून दिली आणि सिंधीत बोलायला लागले, "छा हाल आहे, साईं?" असं सुरू करून पुढे अगदी घरच्यासारखं, विनोद करत. म्हातारे दुखणं विसरून हसले. मी बघतच राहिले. मला माहीत असलेले हे चारचौघांत तोंड उघडायचे नाहीत.

"हे कधी शिकलात?"

"सेठशी असंच बोलावं लागतं. आईला सांभाळायला बाई होती, तीही सिंधीच. घरात दुसरं कोण होतं बोलायला?"

ते सहज बोलले. मी नजर भिंतीकडे वळवली.

नंतर चहा आला. मी सवयीने त्यांच्या कपात साखर जास्त घालायला सांगितली तर म्हणाले, "नको. साखर आहे मला. झाली सहा-सात वर्षं." माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे हे मला हॉस्पिटलच्या पलंगावर पडल्या पडल्या कळलं.

रिपोर्ट यायला वेळ लागला. नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला होता. त्या दिवसांत मी कामावर जात होते. संध्याकाळी घरी आले की दिवा लावायच्या आधी जरा वेळ तशीच बसायचे. आई होती तेव्हा दार उघडताच 'आलीस का' असं आतून यायचं. दिसत नसायचं तिला, पायांच्या आवाजावरून ओळखायची. आता कुलूप उघडताना मीच घसा खाकरायचे. टीव्ही लावून स्वयंपाकघरात जायचे, म्हणजे घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. डागांबद्दल मी बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माणसं आली असती, बसली असती, आणि ती उठून गेल्यावर काय करायचं ते मला कळलं नसतं.

रिपोर्ट ऐकायला त्यांनी आपणहून येतो म्हटलं. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"आतड्याच्या गाठीत जो बदल नव्हता, तो लिव्हरच्या गाठीत आहे," त्या म्हणाल्या. "बाकी बरंच सारखं आहे, म्हणजे हा आजार तिथूनच आलेला आहे, नवीन कॅन्सर नाही. पण हा बदल इथे आहे. आपल्या मनात होतं ते इंजेक्शन द्यायचं नाही."

हे खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी विचारलं, "मग पहिली टेस्ट चुकली होती का, मॅडम?"

"तसं मी म्हणणार नाही. माझ्या मते दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत. तेव्हा त्या तुकड्यात जे होतं ते त्यांनी लिहिलं. हा इथला आहे. आतड्याच्या गाठीच्या एखाद्या कोपऱ्यात हा बदल थोड्या पेशींत असेलही, आणि नेमक्या त्याच सुटल्या असतील. किंवा इकडे आल्यावर झाला असेल. ते आता कळणार नाही."

"आणि दुसरा डाग? तुम्ही एकाचाच तुकडा घेतला." हे मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तोही थोडा वेगळा असू शकतो, ताई. प्रत्येक डागाला सुई लावता येत नाही. औषध सुरू करू, आणि दोन्ही कसे वागतात ते बघू."

बाहेर आल्यावर मला राग आला होता. कशाचा ते सांगता येत नव्हतं. डॉक्टरांचा नव्हता, उलट त्यांनी सुई लावायचा हट्ट धरला नसता तर मी काही महिने बिनकामाचं औषध घेत बसले असते. राग शरीराचा होता. माझंच रक्त पिऊन, माझ्याच आत, मला न विचारता ते काहीतरी दुसरंच होऊन बसलं होतं. आजाराशी लढायचं म्हणतात लोक, पण कुणाशी? आतड्यातल्याची ओळख पटवून घेतली होती, तेवढ्यात इथे दुसराच निघाला. जिन्यात मी थांबले. ते दोन पायऱ्या खाली होते.

"चक्कर येतेय का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही. चला."

केमो नव्या पद्धतीने सुरू झाली, बरोबर गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं दुसरं इंजेक्शन. या वेळी बोटांना काही झालं नाही, पोटाचे हाल झाले. दर पंधरवड्याला जायचं, खुर्चीत सलाईन लावून बसायचं. पहिल्या काही वेळा ते आले. सेठकडून अर्धा दिवस सुटी घेत, मग संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून काम भरून काढत. मी म्हटलं, "दर वेळी कशाला? आता मला सवय झालीय." ते म्हणाले, "बरं." पुढच्या वेळी खरंच आले नाहीत. मी खुर्चीत बसून दाराकडे बघत होते, स्वतःच नको म्हटलेलं असूनही. त्यानंतरच्या वेळी मीच फोन करून 'या' म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

डाग कमी झाले. एक पटकन आक्रसला, दुसरा हट्टी होता, जेमतेम हलला. डॉक्टरांनी शंका बोलून दाखवली होती तसंच झालं. एकाच लिव्हरमध्ये शेजारी शेजारी असून दोघांचं वागणं निराळं. तरी ऑपरेशन करता येईल इतपत दोन्ही आटोक्यात आले, आणि मुंबईच्या एका हॉस्पिटलात लिव्हरचा तेवढा भाग काढून टाकला. लिव्हर पुन्हा वाढतं, असं तिथल्या सर्जनने सांगितलं. मला ऐकून बरं वाटलं की आत काहीतरी चांगलंही वाढू शकतं.

घरी सोडताना 'एकटीने राहायचं नाही' असं बजावून सांगितलं होतं. ते कपड्यांची एक पिशवी घेऊन बदलापूरला आले. हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे. सकाळी उठून भात-वरण लावायचे, मुळा घातलेली वरणाची एक तऱ्हा त्यांच्या आईची होती, ती करायचे. आमच्या संसारात त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. आईचं आजारपण काढताना शिकले असणार. मला अंघोळीला पाणी काढून द्यायचे आणि बाथरूमच्या बाहेर खुर्ची टाकून पाठ करून बसायचे. टाक्यांवरची पट्टीही तेच बदलायचे. एकदा पट्टी लावता लावता म्हणाले, "मी तेव्हा परत यायला पाहिजे होतं का गं?"

मी खूप विचार केला. "मी तरी कुठे बोलावलं," म्हटलं.

"बोलावलं असतं तर आलो असतो."

"आला असतात, माहीत आहे."

एवढंच बोलणं झालं. कुणी रडलं नाही. त्यांनी चिकटपट्टीचं टोक नखाने दाबून बसवलं.

टाके काढून झाल्यावर, मी जिना चढू-उतरू लागल्यावर, एका सकाळी त्यांनी चादरीची घडी केली, उशी वर ठेवली आणि पिशवी भरली. "सेठचा फोन होता. सीझन आहे. निघतो मी."

'थांबा' हा शब्द माझ्या तोंडात आला होता. पण थांबून काय, ते मला माहीत नव्हतं. वीसेक वर्षांत ते कॅम्प पाचमधले झाले होते. तिथले शेजारी, तिथलं देणंघेणं, सकाळी चालायला बरोबर जाणारे चार म्हातारे. मीही माझ्या वेळांची झाले होते. दिवाणावर कुणी घोरतंय म्हणून पहाटे दचकून जागी व्हायचे. मी म्हटलं, "पोचलात की फोन करा." पोचल्यावर त्यांनी फोन केला.

त्यानंतरचे दिवस आजारापेक्षा कठीण गेले. आधी एकटेपणा असा वेगळा काढून दाखवता येत नव्हता, तो घराचाच एक भाग होता. आता त्याला आकार आला. दिवाणाची ती बाजू, ओट्यावर उलटा ठेवलेला दुसरा कप. तो कप मी पुन्हा कपाटात ठेवला, मग दोन दिवसांनी परत काढला. कामावर जायला लागले तेव्हा सुटल्यासारखं झालं. स्टोअरमध्ये रंगांचा वास पहिल्यासारखाच होता आणि मुली म्हणाल्या, "मॅडम, बारीक झालात पण छान दिसताय."

मागच्या महिन्यात पुन्हा स्कॅन झाला. नवीन काही नाही. "पुन्हा कधी काही दिसलं तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तर पुन्हा तुकडा घेऊ. जुन्यावर विसंबायचं नाही," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

हॉस्पिटलमधून निघाले तेव्हा दुपार होती. कॅम्प तीन जवळच आहे. इतक्या वर्षांत मी त्यांचा कारखाना कधी पाहिला नव्हता. विचारत विचारत गेले. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, लांबलचक टेबल आणि त्यावर निळ्या कापडाचे थर. ते वाकून खडूने खूण करत होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला.

"काय झालं?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि उगाच कापडावरची धूळ झटकली. "बस ना. चहा सांगतो."

मला एक प्लास्टिकची खुर्ची दिली. चहा आला, त्यांचा बिनसाखरेचा. कोणत्या पॅन्टला किती कापड लागतं ते त्यांनी मला सांगितलं, मी ऐकलं. मशीनवरची माणसं अधूनमधून बघत होती. मग खालून कुणीतरी मालासाठी ओरडलं.

"जा तुम्ही. काम असेल."

"रविवारी येऊ का तिकडे?" ते म्हणाले.

"या ना. जेवायलाच या."

जिना उतरून मी रस्त्यावर आले. शेअर रिक्षात दोन जण बसले होते, तिसऱ्या सीटसाठी रिक्षावाला हाका मारत होता. मी बसले आणि रिक्षा निघाली. रविवारला अजून पाच दिवस होते.